मामू पाण्याला दरवाजा का म्हणत होते?

आमच्या मामूंना लकवा झाला त्याला आता दीड वर्ष होईल. रमजानला पंधरा दिवस उरले होते. फजरच्या आधी ते उठले, वजू करायला मोरीत गेले आणि उजव्या हातातला तांब्या गळून पडला. मुमानी धावत आल्या. मामूंनी त्यांच्याकडे पाहून काहीतरी सांगितले. आवाज ओळखीचा होता, जीभही फारशी जड नव्हती, पण बोलण्याचा अर्थ कोणालाच लागेना.

तालुक्याच्या गावी दवाखान्यात नेले. ड्यूटीवरचे डॉक्टर तरुण, बाहेरच्या प्रांतातले, रात्रभर जागे असलेले. त्यांनी हिंदीत भराभर विचारले, नाव काय, साल कोणते, हे काय आहे? हातात पेन होते. मामू पेनाकडे नीट पाहून म्हणाले, "चमचा." केसपेपरवर लिहिले गेले की रुग्ण गोंधळलेला आहे. हातापायाचे, रक्तदाबाचे उपचार सुरू झाले, आणि ते चांगलेच झाले. बोलण्याचे कोणी पाहिले नाही.

पुढचे तीन दिवस घरात जे झाले ते सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो. थोरल्या मुलाने ठरवले की अब्बांना वयामुळे भ्रम झाला. एका नातेवाईकाने दबक्या आवाजात "काही असर तर नाही ना?" असे सुचवले. मुमानींचे म्हणणे तिसरेच. त्यांच्या मते मामू रुसले होते. कारण काय, तर मामू सूरह फातिहा एकही शब्द न चुकता म्हणत होते, तसबीह मोजत होते, सलामाला जवाब देत होते. ज्याला हे सगळे येते त्याला पाणी मागता येऊ नये? मामू मात्र तहान लागली की म्हणायचे, "दरवाजा." आम्ही दार उघडायचो. ते पुन्हा म्हणायचे, "दरवाजा!" आम्ही दार लावायचो. शेवटी ते उशी फेकायचे.

चौथ्या दिवशी एका ओळखीच्या स्पीच थेरपिस्ट बाई आल्या. मामूंना काही विचारण्याआधी त्यांनी मुमानींना एक प्रश्न केला, "हे घरात भांडतात कोणत्या भाषेत?" मुमानी गोंधळल्या. मग म्हणाल्या, "आपल्या बाणकोटीत." बाईंनी तसे बोलू शकणाऱ्या नातीला शेजारी बसवले, दहा मिनिटे मामूंशी खेळल्यासारखे काही केले आणि सांगितले, "भ्रम नाही, असर नाही, रुसवा तर नाहीच. हा वाचाघात आहे. यांना सगळे समजते असे नाही, पण तुम्ही मानता त्यापेक्षा खूप जास्त समजते."

भांडणाच्या भाषेचा तो प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना. त्याच्या मागे लागून वाचत गेलो आणि वाचता वाचता थेट चीनला पोहोचलो. या महिन्याचे पान त्याविषयी आहे.

आधी वाचाघात म्हणजे काय ते पाहू. लकव्यात जीभ, ओठ लुळे पडून बोबडे बोलणे वेगळे. तिथे शब्द डोक्यात शाबूत असतो, तोंडाचे यंत्र बिघडलेले असते. वाचाघातात शब्दांचे कोठारच हलते. वस्तू दिसते, तिचा उपयोग कळतो, नाव मात्र हाताला लागत नाही, किंवा भलतेच नाव हाती येते आणि बोलणाऱ्याला ते कधीकधी कळतही नाही. काहींचे बोलणे अडते, काहींचे ऐकून समजणे अडते, पुष्कळांचे दोन्ही थोडे थोडे. बहुतेक माणसांत भाषेचे काम मेंदूच्या डाव्या अर्ध्यात चालते, आणि शरीराची उजवी बाजूही तोच अर्धा चालवतो. म्हणून उजवा हात लुळा पडला की बोलण्याकडे लक्ष द्यायचे. पक्षाघाताच्या दर तीन रुग्णांत सुमारे एकाला वाचाघात होतो. बुद्धी गेली, वेड लागले, ऐकू येईनासे झाले, असे शिक्के यांच्याच कपाळी बसतात.

मग फातिहा कशी येत होती? याचे उत्तर एकोणिसाव्या शतकातच इंग्रज डॉक्टर जॉन ह्युलिंग्ज जॅक्सन यांनी सुचवले होते. विचार करून, शब्द निवडून बोलणे एक. आणि हजारो वेळा म्हटल्यामुळे आपोआप जिभेवर येणारे बोलणे दुसरे. प्रार्थना, मोजणी, सलाम-दुआ, शिव्यासुद्धा या दुसऱ्या प्रकारात मोडतात. पहिले गेले तरी दुसरे पुष्कळदा टिकते. मामू फातिहा म्हणत होते यावरून त्यांना पाणी मागता यायला हवे असे ठरत नव्हते. आम्हाला ते माहीत नव्हते.

पॅरिसजवळ बिसेत्र नावाचे जुने रुग्णालय आहे. तिथे लेबोर्न्य नावाचा एक रुग्ण एकवीस वर्षे होता. विचारा काहीही, त्याच्या तोंडून एकच ध्वनी यायचा, "तां". हातवाऱ्यांनी तो बरेच सांगे, आणि राग अनावर झाला तर एखादी शिवी साफ निघे. १८६१ च्या एप्रिलमध्ये तो वारला तेव्हा पॉल ब्रोका या शल्यविशारदाने त्याचा मेंदू तपासला आणि डाव्या बाजूचा पुढचा भाग नासलेला दाखवला. भाषा मेंदूत कुठे राहते याचा अभ्यास तिथून जोराने सुरू झाला. त्याच बिसेत्रमध्ये दीडशे वर्षांनी, २०११ साली, कॉन्स्टन्स फ्लामाँ-रोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचाघात चटकन ओळखण्याची एक छोटी चाचणी प्रसिद्ध केली. तिला 'लास्ट' म्हणतात.

ही चाचणी इतकी साधी आहे की पहिल्यांदा वाचली तेव्हा आम्हाला हसू आले. पाच चित्रांची नावे सांगायची, पाच गुण. दोन गोष्टी ऐकून तशाच म्हणायच्या, दोन गुण. एक ते दहा मोजायचे, एक गुण. सांगितलेली वस्तू चित्रांतून दाखवायची, चार गुण. तीन हुकूम पाळायचे, एक सोपा, एक मधला, एक दोन पायऱ्यांचा, तीन गुण. एकूण पंधरा. पंधराला एकही कमी पडला तर वाचाघाताचा संशय घ्यायचा आणि सविस्तर तपासणीला पाठवायचे. वेळ सुमारे दोन मिनिटे. लिहिणे-वाचणे यात मुळीच नाही, म्हणजे शाळा न पाहिलेल्या माणसालाही ती देता येते आणि उजवा हात लुळा असला तरी बिघडत नाही. तिच्या दोन जोड-आवृत्त्या आहेत. आज एक वापरली तर उद्या दुसरी, म्हणजे रुग्णाने कालची उत्तरे पाठ केली की तो सुधारला, हा गोंधळ राहत नाही. बोस्टनच्या मोठ्या चाचणीशी ताडून पाहिले तेव्हा वाचाघात असलेल्या दर शंभरांतले अठ्ठ्याण्णव या दोन मिनिटांत सापडले. मोठी चाचणी उत्तमच, पण ती तासभर आणि कधी त्याहून जास्त चालते. नुकताच झटका आलेला माणूस दहा मिनिटांत थकून डोळे मिटतो.

चीनमध्ये मृत्यूच्या कारणांत पक्षाघात अगदी वरच्या क्रमांकावर आहे. तेव्हा चिनी डॉक्टरांना ही चाचणी हवीशी वाटली यात नवल नाही. २०१८ मध्ये तिचे चिनी रूप प्रसिद्ध झाले. आपल्याला वाटेल, पंधरा तर प्रश्न, एखादा फ्रेंच जाणणारा बसवा, दुपारपर्यंत भाषांतर तयार. भाषांतराची चौकशी करायची रीतही ठरलेली आहे. एकाने फ्रेंचमधून चिनीत न्यायचे, दुसऱ्याने मूळ न पाहता चिनीतून परत फ्रेंचमध्ये आणायचे, आणि दोन्ही जुळतात का पाहायचे. औषधाच्या चिठ्ठीला ही रीत पुरते. भाषेच्या चाचणीला ती पुरत नाही, आणि का पुरत नाही हेच आम्हाला सगळ्यात मोलाचे वाटले.

एक उदाहरण घेऊ. हे चाचणीतले नाही, समजण्यासाठी आम्ही घेतले आहे. फ्रेंचमध्ये होडीला 'बातो' म्हणतात आणि केकला 'गातो'. चित्र दाखवण्याच्या प्रश्नात असे सारख्या आवाजाचे चित्र मुद्दाम शेजारी ठेवतात. रुग्णाला 'बातो' दाखवा म्हटले आणि त्याने केकवर बोट ठेवले तर कळते की डोळा ठीक आहे, आवाज वेगळा करणारी जागा बिघडली आहे. आता याचे चिनी करा. होडी म्हणजे 'छ्वान', केक म्हणजे 'दानगाओ'. भाषांतर अचूक. परत फ्रेंचमध्ये आणा, पुन्हा बातो आणि गातो. कागदावर सगळे जुळले आणि सापळा मात्र उडून गेला, कारण छ्वान आणि दानगाओ यांत घोटाळा होईल असे काहीच नाही. तो प्रश्न आता काही मोजतच नाही.

म्हणून सापळा नव्याने लावावा लागतो, चिनीच्या स्वतःच्या आवाजांतून. तिथे सामग्री भरपूर आहे. होडी 'छ्वान' आणि पलंग 'छ्वांग'. आणि त्याहून बारीक म्हणजे सूर. बीजिंगच्या प्रमाण चिनीत चार सूर आहेत: उंच सरळ, वर चढणारा, खाली जाऊन वर येणारा आणि एकदम पडणारा. 'छ्वांग' चढत्या सुरात पलंग, उंच सरळ सुरात खिडकी. 'थांग' उंच सुरात सूप, चढत्या सुरात साखर. 'माइ' एका सुरात विकत घेणे, दुसऱ्या सुरात विकणे. दुकानदाराने सूर चुकवला तर धंदाच उलटा! आपण सूर वापरतो ते राग, लाड, प्रश्न दाखवायला. चिनी माणसाच्या कानी सूर हा क आणि ख यांच्यासारखाच शब्दाचा अवयव आहे. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झालेले चिनी रुग्ण या सुरांतही चुकतात. फ्रेंच चाचणीत सुरांची परीक्षा असण्याचे कारणच नव्हते. चिनी चाचणीत ती नसेल तर तिला चिनीची चाचणी कसे म्हणायचे?

उलट बाजूही आहे. फ्रेंच रुग्ण अडखळतो तेव्हा पुल्लिंग-स्त्रीलिंगाची उपपदे गळतात, क्रियापदांची रूपे तुटतात, आणि ऐकणाऱ्याला लगेच कळते. चिनीत क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, लिंगही लागत नाही. जे मुळातच नाही ते गळणार कुठून? चिनी रुग्णाचे वाक्य वरवर बरे वाटू शकते. तिथे दुसरीकडे पाहावे लागते. आपण केळ्यांची फणी आणि मेथीची जुडी म्हणतो ना, तसा शब्द चिनीत मोजताना प्रत्येक वस्तूला लागतो. मुठीने धरायच्या सुरीला, छत्रीला आणि खुर्चीलाही 'बा'; सपाट कागद, टेबल, पलंग यांना 'चांग'. वाचाघाताचे रुग्ण हे शब्द विसरून सगळ्याला एकच सरधोपट 'ग' लावू लागतात. चिनी कानाला ही खूण कळते, भाषांतरकाराच्या यादीत ती येत नाही.

आपोआप बोलण्याच्या प्रश्नाची तर गंमतच आहे. पाश्चात्त्य चाचण्यांत वार म्हणवतात, महिने म्हणवतात, मुळाक्षरे म्हणवतात. चिनीत मुळाक्षरांची परंपरा नाही. महिन्यांना नावे नाहीत, महिना एक, महिना दोन असे बारापर्यंत. वारही रविवार सोडला तर वार एक ते वार सहा. म्हणजे महिने म्हणा काय आणि आकडे मोजा काय, एकच परीक्षा दोनदा. 'लास्ट'मध्ये एक ते दहा मोजणेच आहे, ते चिनीत सहज बसते. तरी तिथेही एक खोच आहे. प्रमाण चिनीत चार म्हणजे 'स' आणि दहा म्हणजे 'श', असे ढोबळ मानाने धरू, सूरही वेगळे. दक्षिणेकडचे पुष्कळ लोक स आणि श यांत फरक करत नाहीत. उत्तरेकडून आलेल्या परीक्षकाला वाटेल, म्हातारबाबा दहाच्या जागी चार म्हणाले. गुण गेला!

हा खरा कळीचा मुद्दा आहे. 'चिनी बोलणारा रुग्ण' म्हणजे कोण? शांघायची बोली, कॅन्टनची बोली, फुजियानच्या बोली, हाक्का, या बीजिंगच्या माणसाला ऐकून समजत नाहीत. कॅन्टनच्या बोलीत सूरच सहा आहेत. लिपीने सगळ्यांना एका सुतात बांधले, पण ही चाचणी तर लिपी न वापरणारी! सरकारने प्रमाण बोलीचा प्रसार १९५६ पासून जोरात सुरू केला. १९४९ साली देशातले सुमारे ऐंशी टक्के लोक निरक्षर होते असे चिनी सरकारच सांगते. आज पक्षाघाताच्या वॉर्डात जे आजी-आजोबा पडलेले असतात त्यांतले कितीतरी प्रमाण बोली शाळेत नव्हे, रेडिओ-टीव्हीवर ऐकून शिकलेले आहेत. सिचुआनमधल्या आजीबाई न आणि ल एकच उच्चारतात, दुधाच्या 'न्यू-नाइ'चे 'ल्यू-लाइ' होते. ही त्यांची लहानपणापासूनची बोली आहे, आजार नव्हे. परीक्षकाला हे माहीत नसेल तर चाचणी मेंदू मोजत नाही, जिल्हा मोजते.

चित्रांचेही तसेच. अमेरिकेत झटक्याची तीव्रता मोजायला जे कार्ड जगभर वापरले जाते त्यावर हातमोजा, किल्ली, खुर्ची, पीस यांच्याबरोबर निवडुंग आहे आणि दोन आधारांना बांधलेली झोळी आहे. म्हणायला दिलेल्या शब्दांत 'हकलबेरी' आहे आणि 'बेसबॉल प्लेयर' आहे. हकलबेरी आम्ही आजवर पाहिलेली नाही. निरोगी असून आमचा गुण जायचा. शिवाय शाळेत न गेलेल्या माणसाला रेघांच्या चित्रापेक्षा खरी वस्तू हातात दिली तर नाव लवकर आठवते, हेही अभ्यासातून दिसले आहे. म्हणून नवे चित्र निवडल्यावर ते आधी भल्याचंग्या माणसांना दाखवायचे, शिकलेल्या, न शिकलेल्या, गावातल्या, शहरातल्या. त्यांतले बरेच जण चुकले तर चित्र बाद. चाचणी म्हणजे शेवटी चाळण आहे. भोके फार मोठी झाली तर खडे पिठात जातात, फार बारीक झाली तर चांगले पीठही वर राहते.

आमच्या वाचकांना रुची वाटेल असा एक कोपरा यात आहे. चीनमध्ये एक कोटीहून जास्त हुई मुसलमान आहेत, निंगशिया, लानचौ, शीआन आणि इतर कितीतरी शहरांत. त्यांची मातृभाषा चिनीच. पण घरातल्या चिनीत अरबी-फारसी शब्द मुरलेले आहेत. मित्राला ते 'दोस्ती' म्हणतात, म्हणजे आपला दोस्त. इमामसाहेबांना 'आहोंग', म्हणजे आखुंद. आणि शेजारच्या चिनी घरात जो वार पाच असतो, तो यांच्या घरी 'जुमा' असतो. हुई आजोबांना वार विचारला आणि त्यांनी पाचवर 'जुमा' म्हटले तर गुण द्यायचा की कापायचा? प्राण्यांच्या चित्रांत डुक्कर असेल तर? जुन्या वळणाच्या हुई घरांत त्या जनावराचे नावसुद्धा तोंडी आणत नाहीत. आजोबा गप्प राहिले तर परीक्षकाने काय समजायचे, शब्द हरवला की अदब पाळली? अशी चित्रे टाळणे अवघड नाही. फक्त ते सुचायला त्या खोलीत कोणीतरी तसा माणूस असावा लागतो.

दोन-तीन भाषा बोलणाऱ्यांचे काय, हा प्रश्न कॅनडात मिशेल पारादी यांनी हातात घेतला होता. १९८७ साली त्यांनी द्विभाषिक वाचाघाताची मोठी चाचणी प्रसिद्ध केली आणि पुढे ती कितीतरी भाषांत झाली. त्यांचा आग्रह हाच होता की एका भाषेतली चाचणी दुसरीत उतरवायची नाही, त्या भाषेत नव्याने बांधायची. दोन भाषा बोलणाऱ्याच्या दोन्ही भाषा सारख्याच जातात असेही नाही. कधी आईची भाषा जास्त टिकते, कधी रोजच्या कामाची. मामूंना पस्तीस वर्षे जहाजावर हिंदी-इंग्रजी येत होती. त्या पहाटे ती दोन्ही तळाला गेली होती आणि बाणकोटीचे थोडे तुकडे वर तरंगत होते.

मराठीत असे काही करायचे तर काय काय आडवे येईल, याचा आम्ही घरी बसून खेळ केला. पहिल्याच चित्राला अडलो. समुद्रातली बोट काढली आणि म्हटले, "बोट दाखवा." धाकट्याने हाताचे बोट वर केले. त्याचे काय चुकले? 'पान' म्हटले की झाडाचे, पुस्तकाचे की सुपारीचे? कांद्याला आमच्या अर्ध्या खानदानात प्याज म्हणतात, कुलपाला ताला. मराठी चाचणीत मराठी मुसलमान घरातल्या बाईने 'प्याज' म्हटले तर ते बरोबर धरले पाहिजे, आणि तसे लिहून ठेवले पाहिजे, नाहीतर परीक्षक आपल्या मर्जीने ठरवणार. मराठवाड्यातल्या दखनी बोलणाऱ्या घराला एक, कोकणातल्याला दुसरे, असे प्रश्न लागतील. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत वाचा आणि श्रवण या क्षेत्रातले तज्ज्ञ तयार होतात. अशा ठिकाणी आपल्या घरांतल्या मुलामुलींनी शिकावे, असे हा खेळ खेळताना फार वाटले.

आता कामाचे. कोणाचा चेहरा एका बाजूला ओढला, हात वर राहीना किंवा बोलणे अचानक बिघडले तर वाट पाहू नका, महाराष्ट्रात १०८ला फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत देता येते, तेही सर्वांना नाही, म्हणून शेवटचे केव्हा ठीक होते ती वेळ लक्षात ठेवा. डॉक्टरांना न विचारताही सांगा की हे घरात कोणती भाषा बोलतात, शाळा किती झाली, आधीपासून ऐकू कमी येते का, चष्मा कुठे आहे. मामूंचा चष्मा तीन दिवस घरी राहिला होता. पेनाला चमचा म्हणण्यात त्याचाही हात असेल! भाषेची तपासणी झाली का हे अदबीने विचारा. दोन मिनिटांचे काम आहे, डॉक्टर रागावणार नाहीत. रागावले तरी विचारा.

आणि रुग्णाशी बोलताना आवाज चढवू नका, तो बहिरा नाही. एका वेळी एकच गोष्ट विचारा, छोट्या वाक्यात. हो की नाही इतकेच उत्तर पुरेल असे विचारा. वस्तू दाखवा. उत्तराला वेळ द्या, मनात दहापर्यंत मोजा. त्याच्या चुकीवर खोलीत कोणी हसू नये, नातवंडांनीसुद्धा. त्याच्या समोर त्याच्याविषयी "यांना काही कळत नाही" असे तर कधीच म्हणू नका. मामूंना ते कळत होते. पुढे पाच-सहा महिन्यांनी त्यांनी थोरल्याला तुटक शब्दांत ऐकवले तेव्हा तो बिचारा उठून बाहेर गेला.

थेरपी वर्षभर चालली. सुरुवातीला आठवड्यातून तीनदा, मग एकदा. नात घरी चित्रे घेऊन बसायची. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत भरभर झाली, नंतर मुंगीच्या पावलाने, पण थांबली नाही. आता मामू नावे बरीच घेतात. दमले, ताप आला, घरात पाहुणे जास्त झाले की शब्द पुन्हा घसरतात.

परवा भेटायला गेलो होतो. जेवण झाले, मामू पलंगावर टेकले आणि म्हणाले, "दरवाजा." मुमानी लगेच तांब्या-पेला घेऊन आल्या. मामूंनी पेल्याकडे पाहिले, मान हलवली, आणि पंधरा गुण मिळवणाऱ्याच्या थाटात बोट केले ते खरोखर दरवाजाकडे. बाहेर पाऊस सुरू झाला होता आणि सड्यावरचे पाणी आत येत होते.